चिंबोरीचं बीळ

घरात कुठे पाण्याचा थेंब टपकल्याचा आवाज आला की मला बसवत नाही. जेवणाचं ताट बाजूला सारून मी उठते, न्हाणीघरात जाते, नळ घट्ट पिळते. सून म्हणते, "आई, प्लंबरला सांगितलंय, येईल तो." येईल तो, हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली भिंतीला ओल आली, तेव्हा सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ." मी त्यांना भर जिन्यात असं काही सुनावलं की पुढे बरेच दिवस ते मला बघून वाट बदलायचे. माणूस वाईट नाही. पण मीटिंग होईपर्यंत पाणी थांबून राहतं असं ज्याला वाटतं, त्याने उधाण पाहिलेलं नसतं.

मी लग्न होऊन जासईच्या पुढच्या एका खाडीकाठच्या गावात आले, ती सत्तरच्या दशकात. माझं माहेर पनवेलच्या वरच्या अंगाला, डोंगराजवळ. आमच्याकडे खाडीकाठी मुलगी द्यायची तर आधी पाणी विचारत. जमीन किती, भाऊ किती, हे मागाहून. खाडीकाठी जिकडे बघावं तिकडे पाणी, पण तोंडात घालण्याजोगं पाणी प्रत्येक गावाच्या नशिबी नसायचं. माझे वडील मुलगा बघायला म्हणून गेले आणि मुलाच्या आधी विहीर बघायला गेले. पोहरा सोडून स्वतःच्या हाताने पाणी काढलं, ओंजळीने प्याले आणि म्हणाले, "गोड हाय. पोरगी दिली." मुलगा तेव्हा शेतावर होता. तुमच्याशी नाही, तुमच्या विहिरीशी माझं लग्न लागलंय, असं मी आमच्या ह्यांना जन्मभर चिडवत आले. त्यात थट्टा थोडी आणि खरं जास्त होतं.

विहीर गावाच्या खालच्या टोकाला, भातशेतं सुरू होतात तिथे. शेतांच्या पलीकडे बाहेरकाठा, म्हणजे खाडी अडवून धरणारा मातीचा लांबलचक बांध. त्याच्या पलीकडे चिखल, तिवरांची झाडं आणि खाडी. अमावास्या-पौर्णिमेला भर दुपारी उधाणाचं पाणी चढायचं. बांधावर उभं राहिलं की एका बाजूला खाडीचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला आमचं राता, म्हणजे खाऱ्या जमिनीतलं लाल भात, आणि पाणी भातापेक्षा उंच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बांधावरून खाली उतरले. मी सासूला विचारलं, "आये, हा बांध कोणी बांधला?"

"कोनी बांधला त्याला म्हत्त्व नाय," ती म्हणाली. "काल कोन बघून गेला ता इचार."

ती पद्धतच होती. उधाण ओसरलं की घरटी एका माणसाने बांधावर जायचं आणि आपापला वाटा चालून यायचं. अनवाणी. सासरे लवकर गेले होते, त्यामुळे आमच्या घरातून सासू जायची, आणि लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने मला सोबत न्यायला सुरुवात केली. बुटकी बाई, कासोटा गुडघ्यापर्यंत घट्ट ओढलेला, आणि चाल अशी की मागे मला धाप लागायची. बांधाचा खरा वैरी समुद्र नव्हे, चिंबोरी. खेकड्याची ही जात ओल्या मातीत बीळ करते, आणि ते बीळ आरपार गेलं की उधाणाचं पाणी त्यातून वाट काढतं. बीळ दिसलं की त्यात चिखल कोंबायचा, मूठभर पेंढा घालायचा आणि वरून टाच मारायची. एवढंच. कामाला म्हणावं तर काही नाही. पण टाच मारल्याशिवाय ती पुढे पाऊल टाकायची नाही.

"बिलातून नितल पानी आला तर भ्याचा नाय," ती मला सांगायची. "गढूल यायला लागला का समजाचा, बांध सवताला खातोय."

मला त्या चालण्याचा आधी कंटाळा यायचा. मग सवय झाली. मग अशी वेळ आली की बांधावर जाऊन आल्याशिवाय मला भाकरी गोड लागेना.

आणि मग कचेरीची माणसं आली. लाल-पांढऱ्या काठ्या, साखळ्या, डोक्यावर टोप्या. त्यांनी आमच्या शेतात दगड पुरले आणि दगडांना रंग लावला. नवं शहर होणार, त्याला जमीन पाहिजे. बाहेरकाठा आणि त्याला लागून असलेली सगळी शेतं दगडांच्या आत गेली. गाव आणि विहीर बाहेर राहिले. आधी वाटलं, मोजून जातील, सरकारी काम आहे, वर्षं लागतील. पण नोटिसा आल्या. गावात चूल पेटायची पण जेवण कोणाला जायचं नाही. आमचे हे बोलायचेच कमी, ते आणखी गप्प झाले. मला तर रागाने झोप यायची नाही. पिढ्यान् पिढ्या ज्या मातीत पाय रुतवून भात लावला, ती कोणीतरी साखळी टाकून मोजावी आणि आपल्याला वाटेतनं बाजूला व्हा म्हणावं, हे काय रीतीला धरून होतं?

म्हणून देवळात बैठक झाली तेव्हा मी बायकांच्या बाजूला अगदी पुढे बसले होते. गावचे मोठे पंच म्हणजे माझ्या सासूचे सख्खे भाऊ. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मामा शांत माणूस, पण त्या दिवशी ते उभे राहून बोलले. त्यांचं म्हणणं असं, की जमीन जर कचेरीला पाहिजे, तर बांधही कचेरीनेच राखावा. आपण आपल्या अंगाने, आपल्या पेंढ्याने तो राखायचा आणि त्यांना आयती कोरडी जमीन द्यायची, हे होणार नाही. आजपासून बाहेरकाठ्याला गावातल्या कोणी हात लावायचा नाही. जो लावील तो गावाचा नाही.

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या ह्यांनीही. आणि खरं सांगते, मीही. रागाच्या भरात ते इतकं पटलं! आमच्या हातात दुसरं होतं काय? मोर्चे होते, अर्ज होते, पण रोज उठून करता येईल असं हे एकच होतं: काही न करणं.

तेवढ्यात माझ्या शेजारून सासूचा आवाज आला. "दादा, गावाला तुमी सांगलाव. उधानाला कोन सांगल?"

लोक हसले. मामाही हसले. तो प्रश्न तिथेच राहिला आणि बैठक उठली.

ती थांबली नाही. टोपली घेऊन चिंबोऱ्या पकडायला जाते असं सांगून बांधावर जायची, आणि चिंबोरीशिवाय परत यायची. मी काही विचारायची नाही. आठ-पंधरा दिवस असं चाललं. मग एके दिवशी सकाळी मामा घरी आले, ओटीवर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "बाय, तुझी टाच वलकतो मी."

सासू चुलीपाशी होती. तिने मान वर केली नाही.

"तू शानी. मी तुला काय सांगनार? पन उद्या त्यांचा सायेब बांधावर येल आनि बोलल, बघा, गाव आमच्यासाठी बांध राखतो. मंग आमी कंच्या तोंडानं लढायचा?"

त्यात खोटं काही नव्हतं, हेच वाईट. मामा गेले आणि सासूने टोपली माळ्यावर टाकली. भावाचा शब्द तिने कधी मोडला नव्हता. त्या दिवसापासून घरात एक चमत्कारिक अस्वस्थपणा भरून राहिला. ती अंगणात फेऱ्या मारायची, ओटीच्या कडेला टाच मारायची, तिचं तिलाही कळायचं नाही. तिला बघून माझे पाय शिवशिवायचे.

श्रावण संपला. भात पोटरीला आलं. मी गवत कापायला खालच्या शेतात गेले होते, तर चिखलात एक निवटी दिसली. खाडीच्या चिखलात उड्या मारते ती मासळी, भाताच्या बुडाशी आरामात बसलेली. मी विळा तिथेच टाकला आणि बांधाच्या पायथ्याने चालत गेले. तिथे होतं ते. अंगठा जाईल एवढं बीळ, आणि त्यातून पाण्याची बारीक धार. नितळ.

मी धावत जाऊन सासूला आणलं. तिने वाकून बघितलं, पाणी बोटावर घेतलं, चाखलं. मग सरळ उभी राहिली. तिची टाच उचलली गेली. मी बघत होते. टाच वर गेली, थांबली, आणि बिळाच्या शेजारी खाली आली.

"आये, मी मारू?"

"तू पन याच घरची," ती म्हणाली.

घरी येऊन तिने मुलाला सांगितलं. ह्यांनी मामांना सांगितलं. मामा म्हणाले, इतक्या बारीक बिळापायी गावाचा शब्द फिरवायचा तर सगळ्यांना विचारायला लागेल, पितर झाले की बैठक घेऊ. बैठक सर्वपित्री अमावास्येनंतर ठरली. अमावास्येचं उधाण आधी होतं, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही असं मी म्हणणार नाही. ध्यानात आलं आणि तरीही अंगठ्याएवढ्या बिळाची भीती बाळगायची माणसाला लाज वाटते. मी त्या दिवसांत रोज काहीतरी निमित्त काढून ते बघून यायची. अंगठ्याचं बीळ मुठीएवढं झालं. मग एक दिवस पाणी गढूळ आलं.

मी येऊन एवढंच म्हटलं, "गढूळ." सासू भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

अमावास्येच्या सकाळी घराघरात पितरांचा स्वयंपाक चालला होता. वडे तळल्याचा वास गल्लीत भरलेला. सासूने कढई उतरवली, माळ्यावरची टोपली काढली, पेंढ्याची एक पेंडी काखेत मारली आणि म्हणाली, "चल गो." मुलाकडे तिने बघितलं नाही. ह्यांनीही अडवलं नाही.

आम्ही पोचलो तोवर उधाण चढायला लागलं होतं आणि बिळाचं हंड्याएवढं भोक झालं होतं. सासू कमरेपर्यंत पाण्यात उतरून पेंढा कोंबायला लागली. मी चिखलाची ढेकळं काढून तिच्या हातात द्यायची. पेंढा तिच्या हातातून पाणी ओढून न्यायचं, जसं कोणी पलीकडून धरून ओढतंय. वरची माती भिजून धसकन खाली आली तेव्हा ती ओरडली, "जा, मानसा आन."

मी धावले ती अजून माझ्या स्वप्नात धावते. गावात पोचले तेव्हा पुरुषमंडळी पत्रावळी घेऊन कावळ्यांना घास घालायला अंगणात उभी होती. मी ओरडून सांगितलं आणि कोणी हललं नाही. सगळ्यांनी मामांकडे बघितलं. एखादा श्वास घ्यावा इतकाच वेळ असेल तो. मग मामांनी हातातली पत्रावळ खाली टाकली आणि धोतर वर खोचून सगळ्यांच्या पुढे धावले. त्यांच्यामागे सगळं गाव. गाव करी ते राव न करी म्हणतात, आणि ते त्या दिवशी मी दोन्ही अर्थांनी पाहिलं. बिघडवायलाही गावच लागतं.

आम्ही शेतांच्या मध्यावर असतानाच बांध गेला. मोठा आवाज वगैरे काही नाही. बांधाचा एक तुकडा बसला, आणि त्या जागी पाणी दिसलं, आणि ते चालत आमच्याकडे आलं. सासू बांधाच्या उरलेल्या कडेवर उभी होती. पोटरीला आलेलं भात एका बाजूला कललं आणि मग दिसेनासं झालं.

सासूच पहिल्यांदा बोलली. तिने लांबूनच हात केला. "इहिरीकडं चला. इहीर राखा."

त्या दुपारी पितर उपाशी राहिले, पण विहीर राखली. बायका-पुरुष, म्हातारीकोतारी, सगळ्यांनी चिखलाची ढेकळं हातोहात देऊन विहिरीभोवती गोल बांध घातला. शेवटी शेवटी तर कोणी ओट्यांच्या विटा उपसून आणल्या. पाणी त्या बांधाला लागलं, थोडं चढलं, आणि भरती उतरल्यावर मागे गेलं. एक थेंबही आत गेला नाही. संध्याकाळी सासूने पोहरा सोडला, पाणी काढलं आणि पहिली ओंजळ मामांना दिली. ते प्याले आणि लहान मुलासारखे रडले. गोड होतं. आम्ही सगळे प्यालो. शेत गेलं तर गेलं, तसंही जाणारच होतं, पाणी राहिलं, असं म्हणत लोक घरोघर गेले. मला वाटलं, सुटलो.

खांड, म्हणजे बांधाला पडलेलं ते भगदाड, बुजवायचा प्रयत्न पुढे झाला. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. प्रत्येक उधाणाला ती रुंद होत गेली. शेतांत पाणी यायचं, बसायचं, मुरायचं. वरून कोणाला काही दिसत नव्हतं.

दिवाळीनंतर एका दुपारी आमची डाळ शिजेना. सासू म्हणाली, डाल जुनी हाय. मग शेजारची डाळ शिजेना. मग चहात दूध घातलं की ते फाटायला लागलं, आणि सगळ्या गावाने म्हशींना दोष दिला. महिनाभर प्रत्येक घर हे असं काहीतरी बोलत राहिलं आणि एकही माणूस पाण्याबद्दल बोलला नाही. मला हे असह्य झालं. एका सकाळी मी विहिरीवर सगळ्या बायकांसमोर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकले. "खारं झालंय," मी म्हटलं, "बोला की आता." सासूने हंडा भरला, डोक्यावर घेतला आणि घरी आली. बुडाखालून आलं होतं ते पाणी. तोंडाशी आम्ही पहारा देत बसलो आणि ते खालून आलं.

त्यानंतर जे झालं ते एकेक करून झालं, म्हणून त्याला कोणी मोठं म्हटलं नाही. बायका टँकरच्या वाटेकडे बघायला लागल्या. टँकर नसला की लांब नव्या वसाहतीच्या नळावर जायचं आणि तिथल्या बायकांची बोलणी खायची. तरणी मुलं कळंबोलीला ट्रकवर क्लीनर म्हणून लागली, मग ड्रायव्हर झाली. आमचे हेसुद्धा. भात लावणारा माणूस महिन्यातले निम्मे दिवस हायवेवर असायचा. गावात मुलगी द्यायला कोणी तयार होईना. पुढे न्हावा शेव्याला बंदराचं काम निघालं, तोवर आमच्या शेतांत तिवरं माणसाच्या वर गेली होती. मग त्यांच्यावर भराव पडला.

जमीन तशीही जाणार होती, हे मला कळतं. ती कचेरीने घेतली. पण विहीर कचेरीने मागितली नव्हती. ती दगडांच्या बाहेर होती. ती कोणी नेली, याचा राग मी कोणावर काढू? चिंबोरीवर? मामांवर? ते तर पुढे वर्षभरात अंथरुणाला खिळले, आणि शेवटपर्यंत कोणी पाणी दिलं की आधी विचारायचे, कुठला? माझ्या रागाला पत्ता सापडत नाही, म्हणून तो नळांवर निघतो.

माझ्या वडिलांना मी हे काही कळवलं नव्हतं. माझ्या मुलीचं बारसं तिसऱ्या महिन्यात झालं, त्याला ते आले तेव्हा मी आदल्या दिवशी वसाहतीतून एक हंडा आणून झाकून ठेवला होता, खास त्यांच्यासाठी. ते ओटीवर टेकले. मी आत गूळ काढत होते. बाहेर येऊन बघते तर सासू त्यांच्यासमोर तांब्या घेऊन उभी. विहिरीवरून स्वतः काढून आणलेला.

"याच्यावर पोरगी दिल्लीव तुमी," ती म्हणाली. "आता ता असा हाय. लपवायचा नाय मला."

वडिलांनी तांब्या घेतला. वर धरला आणि सगळा प्याले. चेहरा जरासुद्धा हलला नाही. मिशी पुसली, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "बरा हाय, इहीनबाय." सासू आत आली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. बांध गेला तेव्हा न रडलेली बाई त्या दिवशी रडली. बारशाला आलेल्या बायका गाणी म्हणत होत्या, त्यात ते बुडून गेलं.

संध्याकाळी मी त्यांना एसटीपर्यंत सोडायला जासईला गेले. फाट्यावर चहाचं हॉटेल होतं. वडिलांनी चहा मागितला नाही. पाणी मागितलं. एक ग्लास प्याले, दुसरा प्याले, तिसऱ्याने तोंड खळखळून धुतलं. माझ्याकडे बघायचं टाळत होते. मग म्हणाले, "माझाच चुकला गो. मी पानी चाखला. बांध बघाला पायजे होता."

एसटी आली. ते चढले. मी आले त्या वाटेने परत निघाले. वाटेत कोणाच्या तरी शेताचा जुना बांध लागला, कमरेएवढा. त्याच्या आत खारं पाणी साचलेलं आणि बाहेरही तेच. बांधाला एक बीळ होतं, ताजं, तोंडाशी मातीच्या बारीक गोळ्या. राखायला तिथे काही उरलं नव्हतं. मी चप्पल काढली, चिखलाची मूठ त्यात कोंबली आणि टाच मारली. मग घरी गेले.